सेमिस्टर संपतंय, हार्डडिस्क भरलीय

सेमिस्टरचे शेवटचे तीन आठवडे आले की या सदराकडं येणारी पत्रं एकाच घरातून आल्यासारखी वाटायला लागतात. यूयूसीएमएसवर, म्हणजे विद्यापीठांच्या सरकारी पोर्टलवर, इंटर्नल मार्क चढवायची तारीख, मुलांच्या फिल्मचा कार्यक्रम, कॅमेरा परत न देणारा पोरगा, आणि कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीत लावायला जिओटॅगवाला, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो. या वेळी बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी भागातल्या पत्रकारिता आणि माध्यम विभागांत काम करणाऱ्यांची पत्रं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, मी प्राध्यापक नव्हे. शहापुरात आमचा फोटो स्टुडिओ होता, डार्करूममध्ये हात तिथं तयार झाला, आणि पुढं कॉलेजच्या माध्यम विभागाचा स्टुडिओ सांभाळून मी निवृत्त झाले. त्यामुळं माझी उत्तरं स्टोअररूमच्या बाजूनं झुकलेली असणार, हे धरूनच वाचा.

अक्का, आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी यंदा चौदा लघुपट केलेत. ते दाखवायचा कार्यक्रम दरवर्षी सेमिस्टरअखेर होतो. गेल्या वर्षी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांची ओळख, सत्कार आणि मनोगतं यांत दीड तास गेला. लघुपट सुरू झाले तेव्हा खानापूरकडची मुलं बससाठी उठली. त्यातल्या दोघांचे लघुपट ती गेल्यावर लागले. पाहुणे नकोत असं प्राचार्यांना म्हणता येत नाही. काय करू?
— सहायक प्राध्यापिका, टिळकवाडी, बेळगाव

पाहुणे असू देत की. त्यांना व्यासपीठावर चढवू नका, पहिल्या रांगेत बसवा. पत्रिकेत साडेदहा छापलंय ना, मग साडेदहाला दिवे मालवून पहिला लघुपट लावा. समई, नारळ, शाल, सगळं मध्यंतरात घ्या. प्राचार्यांना सांगायचं वाक्यही देते: "सर, पाहुण्यांना मुलांचं काम बघून मग बोलायचंय." याला कुठलेही प्राचार्य नाही म्हणत नाहीत. आणि काम बघून बोलायचं म्हटलं की पाहुण्यांना 'आजची तरुण पिढी' हे ठेवणीतलं भाषण काढता येत नाही, हा वरचा फायदा.

पाहुणा कोण, यावरही थोडा विचार करा. बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये 'तरुण भारत' काढला तेव्हापासून या गावात वर्तमानपत्राची परंपरा आहे. उभी हयात बातमीसाठी फोटो काढण्यात घालवलेला माणूस तुमच्या गल्लीतच सापडेल. वरेरकर नाट्य संघाच्या परिसरात नाटकाची प्रकाशयोजना करणारे सापडतील. के. बी. कुलकर्णींच्या वळणानं रेखाटन शिकलेले चित्रकार अजून गावात आहेत. त्यांना एका फ्रेमवर बोलायला सांगा, मुलं वर्षभर विसरणार नाहीत. आमदारांना गणेशोत्सवात बोलवा, तिथं ते शोभतात.

आता हिशोब. चौदा लघुपट, प्रत्येकी आठ मिनिटं धरली तर ११२ मिनिटं. मध्ये एकेक मिनिट गेलं तरी सव्वादोन तासांच्या आत सगळे लघुपट बसतात. सातानंतर मध्यंतर. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून येणाऱ्या मुलांचं काम पहिल्या सातात लावा, म्हणजे बसचं भांडणच मिटलं. सगळ्यात चांगला लघुपट शेवटी राखून ठेवायची आपल्याकडं खोड आहे. तो दुसऱ्या क्रमांकावर लावा. पहिल्याला लोक अजून खुर्च्या शोधत असतात आणि शेवटच्याला निम्मे जेवणाचा विचार करत असतात.

आदल्या दिवशी सगळ्या फायली एका जातीच्या करून घ्या: १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, एच-२६४ची एमपी-४. एकच लॅपटॉप, एकच हार्डडिस्क, एकच प्लेलिस्ट. ऐन वेळी पेनड्राइव्ह घेऊन धावत आलेल्या मुलाला प्रेमानं पण ठाम नाही म्हणायचं. सगळ्यात जास्त घोळ आवाजाचा होतो. मुलं इअरफोनवर मिक्स करतात, म्हणून एकाचा लघुपट कुजबुजतो आणि पुढच्याचा कानठळ्या बसवतो. प्रत्येकाची दोन-दोन मिनिटं हॉलमध्ये लावून ऐका आणि पातळी लिहून ठेवा. स्पीकरमधून 'घूं' असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा आहे. मग ते दोन तास बॅटरीवर काढा, नाहीतर साउंडवाल्याकडून ही घरघर अडवणारा डीआय बॉक्स मागवा. हॉलच्या खिडक्यांना काळं कापड लावा. दिवसा प्रोजेक्टरवर काळा रंग करडा दिसतो, आणि रात्रीचे प्रसंग शूट करणाऱ्या पोराची सगळी मेहनत पाण्यात जाते.

एक गोष्ट माझ्यासाठी करा. शेवटी नावं वर सरकायला लागली की आपल्याकडं लगेच दिवे लागतात आणि निवेदिका माइक घेते. तसं करू नका. ध्वनी, संकलन, चहा आणणारा, ज्याच्या मोटरसायकलवरून ट्रॅकिंग शॉट घेतला तो, सगळ्यांची नावं पूर्ण जाऊ देत. वडगावच्या विणकामाच्या मागावरून उठून आलेली आई ते एक नाव बघायलाच आलेली असते. ती आईच येईल असं बघा. पालकांना पत्रिका टपालानं नको, फोन करून द्या.

मी विभागात लॅब असिस्टंट आहे. सेमिस्टर संपताना कॅमेरे, ट्रायपॉड, कॉलरला लावायचे लेपल माइक परत घेताना रडकुंडीला येतो. 'आहे की सर, घरी आहे' हे एकच उत्तर. वर आमचा पाऊस. गेल्या पावसाळ्यात दोन लेन्सच्या आत बुरशीचं जाळं धरलं आणि बोल मला लागला. मार्ग सुचवा.
— खानापूर

तुमचं पत्र वाचून मला खुर्चीत सरसावून बसावं लागलं. विभागाचे कार्यक्रम फोटोत येतात, तुमचं काम कुठंच येत नाही.

पहिली गोष्ट, परतीची तारीख इंटर्नल मार्क चढवायच्या आठ दिवस आधीची ठेवा आणि ती विभागप्रमुखांच्या सहीनं लागू द्या, तुमच्या सहीनं नको. हॉलतिकीट अडवायच्या भानगडीत मात्र पडू नका. गरीब पोराचं वर्ष जायचं आणि शाप तुम्हाला. प्रात्यक्षिकाच्या मार्कांत 'साहित्य वेळेत आणि धड परत' याला थोडे मार्क ठेवायला विभागप्रमुखांना सांगा. सेमिस्टरच्या सुरुवातीलाच मुलांना ते सांगितलं असेल तर कुणी हरकत घेत नाही.

दुसरी गोष्ट, सामान टेबलावर ठेवून निघून जाऊ द्यायचं नाही. मुलासमोर कार्ड घालायचं, एक शॉट घ्यायचा, माइक लावून एक ते दहा म्हणायला लावायचं. ट्रायपॉडची वरची प्लेट आहे का बघायची. जगातल्या सगळ्या ट्रायपॉडच्या प्लेटा कुठं जातात मला अजून कळलेलं नाही. माइकच्या डोक्यावरचं स्पंजचं टोपणही बघा. पेन्सिल सेल काढून ठेवा, आत राहिले की गळतात आणि माइक जातो. रजिस्टरात 'कॅमेरा १ नग' असं लिहू नका, सिरीयल नंबर लिहा. दोन सारखे कॅमेरे असले की बिघडलेला नेहमी दुसऱ्याच्या नावावर जमा होतो.

कार्ड कधीही आधी पुसायचं नाही. आधी दोन ठिकाणी उतरवायचं, दोन्हीकडच्या फायली उघडून बघायच्या, आणि मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, कॉम्प्युटरवर नाही. दुसरी प्रत त्याच कपाटात असेल तर ती प्रत धरू नका. ती दुसऱ्या इमारतीत, ग्रंथालयात किंवा ऑफिसच्या कपाटात ठेवा. जागेचा अंदाज असा: फुल एचडी २५ एमबीपीएसनं शूट केलं तर तासाला साधारण ११ जीबी, फोर-के १०० एमबीपीएसनं केलं तर ४५ जीबी. मुलं हौसेनं फोर-के लावतात आणि मग जूनमध्ये तुम्ही हार्डडिस्कसाठी अर्ज लिहीत बसता. कायमचं जपायचं ते एवढंच: पूर्ण झालेला लघुपट, सबटायटलची फाइल, प्रोजेक्ट फाइल, चार स्थिरचित्रं आणि कॅमेऱ्यासमोर आलेल्यांची संमतीपत्रं. बाकीचं कच्चं चित्रण निकाल आणि रिव्हॅल्युएशन संपेपर्यंत ठेवा, पुढं विभागानं ठरवावं. फोल्डरला 'फायनल', 'फायनल न्यू', 'फायनल सर ओके' अशी नावं दिसली तर त्या मुलाला बोलावून त्याच्याकडूनच बदलून घ्या: वर्ष, सेमिस्टर, रोल नंबर, लघुपटाचं नाव.

आता बुरशी. खानापूरच्या हवेत लेन्स लाकडी कपाटात ठेवणं म्हणजे लोणच्याची बरणी उघडी ठेवण्यासारखं आहे. लेन्सला ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. हवेचा दमटपणा ६०-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशी धरते, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर त्याखाली तो येतोच कुठं! ड्राय कॅबिनेट मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर धान्य साठवायचे घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या, त्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक टाका. चामड्याच्या किंवा कापडाच्या पिशवीत लेन्स ठेवू नका, पिशवीच ओल धरते. सिलिका जेल केशरी घ्या. ओल धरली की ते हिरवं होतं. निळ्यात कोबाल्ट असतं, ते टाळलेलं बरं. हिरवं झालेलं जेल टाकून देऊ नका, केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा केशरी होतं. त्या लॅबमधल्या अटेंडरशी मैत्री करा, माझं निम्मं काम अशा मैत्रीवर चाललं. पंधरा दिवसांतून एकदा सगळ्या लेन्स बाहेर काढून चार फोटो काढा. बॅटऱ्या निम्म्या चार्ज करून कॅमेऱ्याबाहेर ठेवा. जाळं धरलेल्या दोन लेन्स इतरांपासून लांब ठेवा आणि स्वतः उघडू नका.

आणि बोल लागू नये म्हणून पावसाआधीच एक अर्ज द्या: 'लेन्स जपण्यासाठी डबे व सिलिका जेल मिळावे.' त्याच्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का मारून घ्या आणि ती प्रत स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.

आमच्या वर्गात निम्मी मुलं मराठी घरातली, निम्मी कन्नड घरातली. लघुपटांच्या भाषाही तशाच. सबटायटल इंग्रजीत द्यावीत असं ठरत आलंय, पण ती कुणीच वाचत नाही. आणि पत्रिका कोणत्या भाषेत छापावी यावर दरवर्षी कुरकुर होते.
— चिकोडी

इंग्रजी सबटायटल परीक्षकांसाठी ठेवा. कार्यक्रमात मात्र मराठी लघुपटाला कन्नड आणि कन्नड लघुपटाला मराठी ओळी द्या. कामाची वाटणीही तशीच उलटी करा: मराठी मुलाच्या लघुपटाच्या कन्नड ओळी वर्गातल्या कन्नड मुलीनं लिहायच्या आणि तिच्या लघुपटाच्या मराठी ओळी त्यानं. शेजारी बसून करायचं, फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमधून नाही. ॲपला 'काय करालायस?' हे कळत नाही, आणि आमच्या भागातली अर्धी संवादफेक तीच असते. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात असं काम दिलं की पोरं कंटाळतील असं वाटतं. उलट होतं, दोघं मिळून तिसऱ्यालाच हसत बसतात.

एका वेळी पडद्यावर दोनच ओळी, ओळीत ३५ ते ४० अक्षरं, आणि ओळ सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त थांबायला नको. फॉन्टची काळजी घ्या. गावातल्या डीटीपीवाल्याकडं मराठी श्रीलिपीत आणि कन्नड नुडीत टाइप झालेलं असतं; जुन्या एन्कोडिंगमधला तो मजकूर थेट चिकटवला की पडद्यावर चिन्हांची खिचडी येते. सुरुवातीपासून युनिकोडमध्ये टाइप करा, सबटायटलची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. मराठीत 'दऱ्या', 'कुऱ्हाड', 'ळ' नीट दिसतात का, आणि कन्नडमध्ये अक्षराखालचे ओत्तक्षर (जोडाक्षराचे खालचे भाग) तुटत नाहीत ना, हे पडद्यावर लावून बघा. कन्नड ओळ कन्नड वाचणाऱ्यानंच तपासायची.

पत्रिका तिन्ही भाषांत छापा आणि विषय संपवा. बाहेर लावायच्या फलकाची गोष्ट वेगळी. फलकावर ६० टक्के जागा कन्नडला द्यायचा कायदा कर्नाटकात २०२४ पासून आहे, तेव्हा छापायच्या आधी मजकूर ऑफिसला दाखवा. प्लास्टिक फ्लेक्सवर तर राज्यात २०१६ पासूनच बंदी आहे. कापडावर रंगवून घ्या. पेंटर अजून आहेत, आणि मुलांना ब्रशनं अक्षर काढताना बघायला मिळतं ते वेगळंच.

आमच्या एका विद्यार्थ्यानं सीमाप्रश्नावर वीस मिनिटांचा माहितीपट केलाय. आजोबांच्या आठवणी आहेत, काम प्रामाणिक आहे. प्राचार्य म्हणतात, सेमिस्टरअखेरच्या कार्यक्रमात नको, काही भानगड झाली तर? मुलगा हिरमुसलाय. विभाग म्हणून आम्ही काय भूमिका घ्यावी?
— बेळगाव

प्राचार्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. दगड आला तर तो त्यांच्या काचेवर येणार, तुमच्या-माझ्या नाही. तरीही माझं मत विचाराल तर माहितीपट दाखवा.

आधी प्राचार्य, तुम्ही आणि तो मुलगा, तिघांनी बंद खोलीत तो पूर्ण बघा. पुष्कळदा भीती न बघितलेल्या गोष्टीची असते. बघताना दोन गोष्टी तपासा. पहिली, तथ्यं: १९५६ची राज्यपुनर्रचना, १७ जानेवारी १९५६चे हुतात्मे, १९६६ साली नेमलेला महाजन आयोग आणि १९६७चा त्याचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा. यातलं एखादं साल चुकलं तर सगळा माहितीपट 'प्रचार' म्हणून झटकला जातो. आजोबा सांगताहेत ते आठवण म्हणून येऊ दे, निवेदन सांगतंय ते कागदाला धरून येऊ दे. दुसरी, माणसं: त्यात कन्नड घरातला कुणी बोलतो का? नसेल तर मुलाला विचारा, शेजारच्या घरी गेलास का? 'समतोल' नावाचं सरकारी पाणी त्यात घालावं म्हणून हे सांगत नाहीये. बेळगावात वाढलेल्या पोराच्या वीस मिनिटांत एकही कन्नड शेजारी येत नसेल तर चित्रण अपुरं आहे, माहितीपट म्हणूनच अपुरं.

काही कापायचं ठरलं तर ते मुलाच्या हातानं, मुलाला पटवून. रात्रीतून लॅबमध्ये बसून कुणी सरांनी कात्री चालवली असं झालं तर तुमच्या विभागात पुढची कित्येक वर्षं कुणी काही मोलाचं करणार नाही. मोठ्या कार्यक्रमात शक्यच नसेल तर दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवा, मुलं आणि पालकांपुरतं, आणि नंतर अर्धा तास बोलायला ठेवा. ते यूट्यूबवर कधी टाकायचं ते त्याचं त्यानं ठरवावं.

सुळेभावीवर लघुपट करणाऱ्या विद्यार्थिनीनं पार्श्वभूमीला कुमार गंधर्वांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलंय. कॉलेजात चालेल का? यूट्यूबवर?
— व्याख्याती, बेळगाव तालुका

कुमारजींचा जन्म १९२४चा, सुळेभावीचाच, तेव्हा तिला मोह होणारच. कॉलेजात चालतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ शिक्षणसंस्थेच्या कामकाजात चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण लावायला मुभा देतं. अट अशी की प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक एवढेच असावेत. रस्त्यावरच्या सगळ्यांना दार उघडलं की ती मुभा संपते. यूट्यूबला ती लागू नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, आणि गाण्याच्या शब्दांचा-चालीचा हक्क वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे तबकडी जुनी म्हणून गाणं मोकळं झालं असं होत नाही, दोन्ही तपासावं लागतं. बंदिश पारंपरिक असेल तर प्रश्न फक्त मुद्रणाचा उरतो.

मी असते तर तिला सांगितलं असतं, दोन प्रती कर. कॉलेजातल्या प्रतीत ते राहू दे. बाहेर जाणाऱ्या प्रतीत त्या गावचाच आवाज घे: देवळातलं भजनी मंडळ, सकाळची एसटी, विहिरीवरचा पंप. मंडळाकडून चार ओळींचं संमतीपत्र लिहून घे आणि सगळ्यांची नावं शेवटी दे. शास्त्रीय गाणं मागं लावलं की लघुपट आपोआप खोल वाटतो, हा भ्रम मुलींपेक्षा मुलांना जास्त असतो असं माझं निरीक्षण आहे.

विभागाचं सेमिस्टरअखेरचं वार्तापत्र काढायचं काम माझ्याकडं आलंय. चार पानं. त्यात काय असावं?
— कंत्राटी व्याख्याता, बेळगाव

अटेंडरच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, हे असावं. विभागप्रमुखांचा माइक हातात धरलेला फोटो नसावा. मुलांची कामं, कुणी कुठं काम धरलं, पुढच्या सेमिस्टरला नवीन काय येतंय, कोण रजेवर जातंय, कोण बदलून येतंय, लॅब सुट्टीत कोणत्या दिवशी उघडी. शोधनिबंधांची यादी नॅकच्या अहवालात जाऊ द्या, तिथं तिला वाचक आहे. २०२१ला चार वर्षांची पदवी आली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची झाली. या उलथापालथीत कुठल्या बॅचला कोणता सिलॅबस हे मुलांना धड माहीत नसतं, त्याचं अर्धं पान काढा; सगळ्यात जास्त तेच वाचलं जाईल. नावं छापायच्या आधी ज्याची त्याला दाखवा. 'पाटील' आणि 'पाटिल' यावरून वार्तापत्राची होळी झालेली मी पाहिली आहे.

कंत्राटी आहात म्हणून लिहिते: संपादक म्हणून स्वतःचं नाव छापा. उद्या दुसरीकडं मुलाखतीला ते अंक दाखवायला होतात.

निपाणीच्या आमच्या मुलांना अर्जुननगरच्या कॉलेजमधल्या मित्रांबरोबर तंबाखूच्या वखारींवर छायाचित्र प्रदर्शन करायचंय. सेमिस्टर संपायच्या सुमारास. पण तारीखच जुळत नाही.
— निपाणी

कशी जुळेल? अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात, शिवाजी विद्यापीठाकडं. तुम्ही बेळगाव जिल्ह्यात, राणी चन्नम्मा विद्यापीठाकडं. मधलं अंतर चालत जाण्याचं, आणि परीक्षेची वेळापत्रकं दोन राज्यांची. दोन्ही वेळापत्रकं लागायची वाट बघू नका. एकाची प्रात्यक्षिकं संपून लेखी सुरू व्हायच्या मधले दोन-तीन दिवस धरा आणि दुसऱ्यांना त्यात बसवा. ते नाहीच जमलं तर सुट्टीत करा. चांगलं काम सेमिस्टरच्या आतच दाखवावं असा विद्यापीठाचा नियम नाही.

१२ बाय १८ इंचाची मॅट छपाई पुरते, त्यासाठी मूळ फोटो ३६०० बाय ५४०० पिक्सेलच्या आसपास हवा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येईल असं टांगा. १९८१च्या तंबाखू आंदोलनाच्या आठवणी निपाणीत घरोघर आहेत, त्या वयाची माणसं आहेत तोवर त्यांना फोटोखाली दोन ओळी स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगा. वखारीत, विडीकामात दिसणाऱ्या बायकांना फोटो आधी दाखवा, प्रदर्शनाच्या दिवशी नव्हे. ज्या नको म्हणतील त्यांचा उतरवा, कितीही सुंदर असला तरी. आणि प्रदर्शन एक दिवस कॉलेजच्या हॉलमध्ये आणि दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत, संध्याकाळी सहानंतर. त्या बायका तेव्हाच मोकळ्या होतात.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं आणि किल्ल्याचं ड्रोननं चित्रीकरण करून सेमिस्टरअखेरच्या कार्यक्रमाचा ट्रेलर करायचा, असा मुलांचा हट्ट आहे. परवानगी मिळेल का?
— बेळगाव

किल्ल्याच्या परिसरात लष्कर आहे, तेव्हा किल्ला विसरा. मिरवणुकीत गर्दीवर ड्रोन उडवायचा विचारही नको; पडला तर ट्रेलर नाही, पोलीस केस तयार होईल. २०२१च्या ड्रोन नियमांत लाल, पिवळे आणि हिरवे पट्टे आहेत, नकाशा डिजिटल स्काय पोर्टलवर बघायचा. सांबऱ्याचा विमानतळ आणि लष्कराचा कॅम्प भाग जवळ असल्यानं शहरात तुमच्या वाट्याला हिरवं फारसं येणार नाही. मुलांना म्हणावं, मिरवणूक रात्रभर चालते. मारुती गल्लीत ओळखीच्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ट्रायपॉड लावा, घरच्या काकूंना आधी विचारा, आणि चहाचे कप धुवून ठेवून या.